विशीनंतरही कान उघडे राहतात
विशीपर्यंत जे संगीत ऐकले तेच माणूस जन्मभर ऐकतो, हे मत मला अर्धेच पटते. माझी सुरुवात नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटने झाली. मावसभावाने तिच्या एका बाजूला डीप पर्पल आणि दुसऱ्या बाजूला लेड झेपलिन हे ब्रिटिश रॉक बँड भरून दिले होते आणि फीत अडकली की पेन्सिल घालून ती गुंडाळत बसणे हा त्या ऐकण्याचाच भाग होता. पुढे मुंबईत काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’ या संगीताच्या दुकानात (२०१६ साली ते बंद झाले) विकत घेण्यापेक्षा ऐकण्यातच अधिक वेळ गेला, हे कबूल करतो.

मात्र त्या दोन बँडनी मला एका जागी बसू दिले नाही. डीप पर्पलचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड याने १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह आपला कॉन्चेर्टो (बँड आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) सादर केला होता, हे कळल्यावर मी पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे वळलो. तर लेड झेपलिनचे गिटारवादक पेज आणि गायक प्लांट यांनी १९७२ साली मुंबईतल्या वादकांसोबत ध्वनिमुद्रण केले होते, हे वाचल्यावर घरच्याच सारंगीकडे नव्याने लक्ष गेले. प्लांटने २००७ साली अमेरिकन गायिका अ‍ॅलिसन क्राउससोबत अल्बम काढला, तेव्हा ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीशी माझी ओळख झाली आणि तोवर मी चाळिशी ओलांडली होती. हेवी मेटल या कर्कश रॉक संगीताच्या काही उपप्रकारांशी मात्र अजूनही जमलेले नाही. तिथे वय आडवे येते की कान, कोण जाणे.