मेंढ्याचे शुक्राणू आयव्हीएफसाठी तयार करायचेत, बजेट १२ हजार. स्विम-अप की परकोल?

पांझराकाठ_धुळे (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे, मेंढीतलं आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन. कत्तलखान्यातून बीजकोश आणून स्त्रीबीजं २४ तास पक्व करणं जमायला लागलंय. गाडी अडलीय ती शुक्राणूंपाशी: चांगले वेगळे काढायला स्विम-अप (पोहून वर येतील तेच घ्यायचे) करू की परकोल (दाट द्रवाच्या थरांतून फिरवून गाळायचे)? घरी दख्खनी मेंढरं आहेत, दोन मेंढे आहेत. कॉलेजात सीओटू इन्क्युबेटर, मायक्रोस्कोप आणि साधं सेंट्रीफ्यूज आहे. कमिटीची परवानगी मिळालीय. हातात १२ हजार उरलेत, त्यातच भागवायचंय. ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी सांगा.

तापीकाठची_लॅब
परकोलच. खाली ९० टक्के, वर ४५ टक्के, त्यावर हळूच वीर्य सोडायचं आणि ७०० जी (गुरुत्वाच्या ७०० पट) वर १५-२० मिनिटं फिरवायचं. मेलेले आणि कचरा वर अडकतो, चांगले तळाला. पण साध्या सेंट्रीफ्यूजवर करू नकोस, तापमान राखणारं घे. आम्ही सव्वादोन लाखांत घेतलं, तेव्हापासून एकही बॅच वाया गेली नाही.

भुसावळ_जंक्शन
७०० जी म्हणजे ७०० आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, एवढं लक्षात ठेव. मी दोन आठवडे ७०० आरपीएमवर फिरवत बसलो, तळाला काहीच येईना. रोटरची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर ७०० जी साठी साधारण २५०० आरपीएम लागतात. गाईडनेही पकडलं नाही. त्याचा अजून राग येतो.

केळीवाला_रावेर
परकोल १९९६ सालीच माणसांच्या आयव्हीएफमधून काढलंय. वहिनी लॅबमध्ये आहे, तिला पक्कं माहीत आहे. वापरू नका.

तापीकाठची_लॅब
माणसांच्या उपचारातून काढलं, जनावरांच्या प्रयोगशाळांत अजून चालतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, भाऊ.

केळीवाला_रावेर
वेगळ्या कशा? पेशी ती पेशीच.

साक्रीचा_मेंढपाळ
भाऊ, इतली खटपट कसाले? मेंढी माजवर उनी का मेंढा सोडी द्या, पाच महिनामा कोकरू. आमना मेंढ्यास्ले चराले जागाच ऱ्हायनी नही, त्यानावर कोनी अभ्यास करा. आनि एक सांगस, वैशाखमा मेंढा तापना का आखाडमा मेंढ्या फळत नहीत.

पशुवैद्य_नंदुरबार
आबांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी नीट वाचा. मेंढ्यात शुक्राणू तयार व्हायला जवळपास सात आठवडे लागतात, पुढे एपिडिडिमिसमधून (वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून) बाहेर यायला आणखी दिवस जातात. म्हणून मेच्या उन्हाचा फटका जुलैत दिसतो. मेंढा तोवर तगडा दिसतो, माजावरच्या मेंढीवर उडीही घेतो, पण मायक्रोस्कोपखाली लाटा दिसत नाहीत. आधी थेंब पाहा. पाचपैकी तीन गुणांच्या खाली गती असेल तर स्विम-अप किंवा परकोल, कशानेच ते सुधारणार नाही. माझं ऐकाल तर भाद्रपदापर्यंत थांबा.

आता पैशाचं. शुक्राणूंना फलनक्षम करायला हेपारिन विकत आणू नका. वळूच्या शुक्राणूंना ते चालतं, मेंढ्याच्या बाबतीत माजावरच्या मेंढीचं सीरम जास्त भरवशाचं. घरच्या कळपात माजावर आलेली मेंढी मेंढाच दाखवेल. डॉक्टरकडून रक्त काढून घ्या, सीरम वेगळं करा, ५६ अंशांवर अर्धा तास ठेवा, गाळा आणि उणे २० ला लहान नळ्यांत भरून ठेवा. माध्यमात २ ते २० टक्के वापरतात.

वीर्य घ्यायच्या कृत्रिम योनीतलं पाणी ४२ ते ४५ अंश ठेवा. नळी कोमट हवी, कोरडी हवी, साबणाचा अंश नको.

भुसावळ_जंक्शन
साबणाबद्दल अगदी बरोबर. आणि पुन्हा सांगतो, जी आणि आरपीएम.

चाळीसगावकर
घरचे मेंढे कशाला? गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या मागवा. मी माडग्याळचा मेंढा ६० हजाराला आणलाय, नाक बघाल तर बघतच राहाल. असल्या जातिवंत मेंढ्याचं वीर्य वापरा, प्रोजेक्टला वजन येईल.

लॅबवाली_जळगाव
कांड्यांसाठी नायट्रोजनचा जार लागतो, त्याचा बारा हजारांत विचारच नको. शिवाय गोठवण्यात बरेच मरतात, मग परकोलचा ग्रेडियंट करावाच लागतो. ताजं वीर्य असेल तर तशी गरज नाही. माझी चूक सांगते. डिसेंबरच्या पहाटे शेतावर वीर्य घेतलं आणि नळी उघडीच स्कूटीच्या हुकाला लावून आणली. लॅबमध्ये पोचेपर्यंत सगळे वेटोळे होऊन जागच्या जागी फिरत होते. थंडीचा झटका मेंढ्याच्या शुक्राणूंना अजिबात सोसत नाही. थर्मासमध्ये ३० ते ३५ अंशांचं पाणी घे, त्यात नळी ठेव. आपल्याकडच्या मेमध्ये उलटं, थर्मास उन्हापासून जप.

पांझराकाठ_धुळे (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. आबा, तुमच्या एका वाक्याने माझे दोन महिने वाचले.

मी ठरवलंय ते बहुतेकांच्या विरुद्ध आहे. परकोल नाही, कांड्या नाहीत, थांबणारही नाही. स्विम-अप करतोय. हिशेब असा केला. मेंढ्याच्या एका मिलीत ३०० कोटींच्या आसपास शुक्राणू असतात. १०० मायक्रोलिटर तिरप्या नळीत एक मिली कोमट माध्यमाखाली सोडले तर ३० कोटी झाले. तासाभरात शंभरातले पाचच वर आले तरी दीड कोटी. मला फलनासाठी मिलीमागे १० लाख लागतात. स्विम-अपमध्ये कमी मिळतात ही तक्रार खरी, पण मला पुरतात.

डॉक्टरसाहेब, भाद्रपदापर्यंत थांबलो तर सबमिशन हुकेल. थोरला मेंढा उन्हाळाभर बाबांबरोबर रानात होता, त्याला वगळलं. धाकटा लंगडत होता म्हणून निंबाखालच्या गोठ्यातच बांधलेला होता. तोच घेतोय. कृत्रिम योनीची सवय त्याला नाही, ती आजपासून लावतोय. सीरमसाठी रविवारी डॉक्टर येतायत.

पशुवैद्य_नंदुरबार
ठीक. पण सवय लागेपर्यंत रोज एकच माणूस जाऊ दे त्याच्याजवळ, आणि पहिले दोन-तीन नमुने टाकून द्या. इतके दिवस साठलेलं असेल ते.

चाळीसगावकर
माडग्याळचा फोटो टाकू का?