खडकवासला चौपाटीचा रविवारचा जाम: रस्ता रुंद करायचा की गाड्या हलवायच्या?

मुठाकाठ
धरणापासून पुढे पानशेत रस्त्याला लागून असलेला चौपाटीचा पट्टा रविवारी संध्याकाळी ठप्प होतो. सिंहगडावरून उतरणारे, पानशेतहून परतणारे आणि भजी-कणसांसाठी थांबणारे सगळे सूर्यास्ताच्या आगेमागे एकाच दुपदरी रस्त्यावर येतात. ग्रामसभेसाठी टिपण तयार करतोय. बहुतेकांची मागणी रुंदीकरणाची आहे, पण एका अंगाला जलाशय आहे. भूसंपादनाची वाट न बघता काय करता येईल? शक्यतो आकड्यांसकट सांगा.

डांबरखडी
रुंदीकरणाचा मुद्दा नंतर, आधी आहे तो रस्ता किती वाया जातो ते टिपणात लिहा. आयआरसी १०६ (इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका, १९९०) नुसार कडेला गाडी थांबत नसलेला, आडवी वाहतूक जवळजवळ नसलेला दुपदरी दुतर्फी शहरी रस्ता तासाला १५०० पीसीयू वाहून नेतो. (पीसीयू म्हणजे मोटारीच्या मापात मोजलेली वाहतूक.) तोच रस्ता कडेला गाड्या उभ्या आणि आडवी ये-जा भरपूर अशा स्थितीत ९०० वर येतो. एक इंचही रुंदी न बदलता ६०० गेले. रुंद करून कडेला थांबणं तसंच ठेवलं, तर वाढलेला पदर पार्किंगच होणार.

दुसरं दुखणं उजव्या वळणाचं. पुण्याहून जाताना पाणी उजव्या हाताला आहे. पाण्याकडे गाडी लावायची तर समोरून येणारी रांग कापावी लागते, आणि ती एक गाडी वळेपर्यंत मागची सगळी वाहतूक खोळंबते. परतताना तिथेच यू-टर्न. साध्या मोटारीला वळायला १० ते ११ मीटर लागतात आणि दोन पदर मिळून भरतात ७. म्हणजे मागे-पुढे करत दोन्ही दिशा अडवणं आलंच.

म्हणून चौपाटीच्या लांबीत मधोमध दुभाजक घाला आणि पाण्याच्या बाजूचं पार्किंग पूर्ण बंद करून डोंगराच्या बाजूला न्या. हे पुण्याच्या पिण्याचं पाणी आहे. गाड्यांचं तेल पावसाबरोबर जलाशयात उतरू देणं मला अजिबात पटत नाही, जाम असो वा नसो.

चढउतार
दिशा बरोबर आहे, पण तीन ठिकाणी फसेल.

डोंगराच्या बाजूच्या पार्किंगमधून पुण्याकडे निघणाऱ्याला पुन्हा उजवं वळण लागतं. बाहेर पडताना सक्तीने डावीकडेच सोडा आणि पट्टा संपल्यावर डोणज्याच्या बाजूला वळायची जागा द्या. बसही एका दमात फिरायला हवी, म्हणजे २४ मीटरच्या आसपास व्यास धरा.

दुसरं, दुभाजक सलग ओतला तर डोंगराचं पाणी पावसाळ्यात रस्त्यावरच तुंबेल. खाली पाणी जायला फटी ठेवा, आणि रुग्णवाहिकेसाठी मध्ये काढता येणारे तुकडे बसवा.

तिसरं, पार्किंगचं फाटक. आत येतानाच पैसे घेतले आणि गाडीमागे २० सेकंद लागले, तर तासाला १८० गाड्या आत जातात. २०० आल्या की तासाभरात २० तुंबल्या. गाडीमागे ६ मीटर धरले तरी १२० मीटरची शेपटी मुख्य रस्त्यावर. पैसे बाहेर पडताना घ्या.

मुठाकाठ
पार्किंगला जागा किती धरू? आणि टपरीवाल्यांचं काय? त्यांचं पोट याच पट्ट्यावर आहे.

डांबरखडी
तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले सरासरी थांबण्याचे तास. समजा १५० गाड्या, दीड तास, तर २२५ जागा. फिरायच्या वाटेसकट मोटारीमागे २७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ६० गुंठे. दुचाकींचं वेगळं मोजा. हे माझे आकडे लिहू नका. दोन रविवारी, एक पावसाळ्यातला आणि एक इतर, दुपारी ४ ते रात्री ८ दर पंधरा मिनिटांची मोजणी करा. येता-जाता नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे टिपले की थांबण्याचा वेळही मिळतो.

एवढी जागा चौपाटीवर मिळणं अवघड आहे. उरलेल्या गाड्या अलीकडे, नांदेड फाटा ते किरकटवाडी फाटा या भागात थांबवून बस सोडावी लागेल. फेरी ४० मिनिटांची आणि दर १० मिनिटांना बस, तर ४ बस आणि एक राखीव. पण कडेचं पार्किंग आधी उठायला हवं, नाहीतर बसही त्याच जाममध्ये उभी राहील आणि पुढच्या रविवारी कुणी तिच्यात बसणार नाही.

चढउतार
टपऱ्या उठवू नका, फिरवा. तोंड पाण्याकडे, पाठ रस्त्याकडे. आज गाडीत बसूनच ऑर्डर देता येते म्हणून गाडी पदरातच थांबते. टपरीपुढे गिऱ्हाइकांना उभं राहायला दीड मीटर आणि त्यापुढे किमान १.८ मीटर मोकळा पदपथ सोडा. रस्त्याच्या बाजूला सलग कठडा हवा, आणि तो फक्त पार्किंगसमोरच्या ओलांडणीपाशी उघडा असू द्या. ती ओलांडणी पदपथाच्या उंचीला उचललेली असावी, म्हणजे गाड्यांचा वेग तिथे आपोआप पडतो. जागेचं वाटप विक्रेत्यांना बरोबर घेऊनच करा आणि दुभाजक बसवायच्या आधी करा. उलट क्रमाने केलं तर पहिल्याच आठवड्यात टपऱ्या नव्या पार्किंगच्या तोंडाशी येऊन थाटतील, आणि मग फाटकच बंद.