पेस्ट करताना काय जपावं, ऐकू येणारा सूर की लिहिलेला स्वर?

बँडपथकवाला (धागाकर्ता):
आमच्या शाळेच्या बँडची ट्रम्पेटची जुनी वही आहे, हाताने लिहिलेली. त्यातलं एक संचलनगीत मी नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं. नवी फाईल, समोर पियानोचा स्टाफ (सूर लिहायच्या पाच रेघा), त्यावरच पटापट टाईप केलं. मग ते उचलून बँडच्या मोठ्या स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या पानात) ट्रम्पेटच्या ओळीत पेस्ट केलं. वहीत 'सी' होता तिथे छापून आला 'डी'. तालमीत ट्रम्पेट बाकी बँडपेक्षा पूर्ण एक स्वर वर! अर्धा तास मी पोरांनाच बोलत होतो, त्याचं अजून वाईट वाटतं.
माझं म्हणणं सरळ आहे. कॉपी म्हणजे कॉपी. कागदावर जे आहे तेच दुसऱ्या कागदावर यावं.

अरेंजर:
अजिबात पटलं नाही. बी फ्लॅट ट्रम्पेटवाल्याने 'सी' वाचून वाजवला की कानाला बी फ्लॅट येतो. पेटीच्या भाषेत ट्रम्पेटचा 'सी' म्हणजे काळी पाच, आल्टो सॅक्सचा काळी दोन, एफ हॉर्नचा पांढरी चार. फ्लूटची ओळ क्लॅरिनेटला देताना मला तोच सूर हवा असतो, त्याच रेघेवरचा ठिपका नको. दर वेळी हाताने एक स्वर चढवत बसायचं असेल तर सॉफ्टवेअर कशाला?
तुमची गफलत पेस्टच्या आधीच झाली. ट्रम्पेटसाठी लिहिलेलं पियानोच्या स्टाफवर टाकलंत, म्हणजे 'हे असंच ऐकू येतं' असं सांगितलंत. ते सॉफ्टवेअरने इमानाने जपलं: 'सी' ऐकू यावा म्हणून ट्रम्पेटला 'डी' लिहून दिला.

क्लॅरिनेटवाली:
सूर जपला की काम झालं, हेही खरं नाही हो. मूळ सूर ई मेजर पट्टीत असेल तर बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या पानावर सहा शार्प (सूर अर्ध्याने चढवायच्या खुणा) येतात, ए क्लॅरिनेटच्या पानावर फक्त एक. दोन्हीकडे सूर तोच, पण सहा शार्प बघून नवख्या मुलाच्या पोटात गोळा येतो.
आणि क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा 'ई' ट्रम्पेटला पेस्ट करून बघा. दोन्ही बी फ्लॅट, त्यामुळे कागदावर काहीच हलत नाही. पण तिन्ही व्हॉल्व्ह दाबूनही ट्रम्पेट एफ शार्पपर्यंतच उतरतो. म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर असा स्वर लाल दाखवतं, पण पडद्यावरच. छापील पानावर तो काळाच.

बँडपथकवाला:
अरेंजरसाहेब, तुमच्याकडे संगीत कानातून येतं, माझ्याकडे ते वहीतून येतं. वहीत ऐकू येणारा सूर नसतो, वाजवणाऱ्याची बोटं असतात.

अरेंजर:
म्हणून तर वही कोणत्या वाद्याची आहे ते आधी सांगायचं! तुमचं गाणं जी मेजरमध्ये लिहिलेलं असेल, तर पेस्ट केल्यावर 'सी' आणि 'जी'च्या आधी जागोजागी सुटे शार्प उगवले असतील. खूण तीच. सगळं सिलेक्ट करून मेजर सेकंड, म्हणजे पूर्ण एक स्वर, खाली ट्रान्स्पोझ करा, पान वहीसारखं होईल.

बँडपथकवाला:
केलं. जुळलं. सुटे शार्प होते खरे, मी ते वहीतलेच समजलो. तरी 'लिहिलंय तसं पेस्ट करा' असा एक पर्याय मेन्यूत असावा, हे मी सोडणार नाही. ट्रंकेत अजून सॅक्सच्या वह्या आहेत. त्या आता सॅक्सच्याच स्टाफवर टाईप करतो.