मित्रदेशांत 'वाटाघाटी' होतात की नुसती 'चर्चा'?

परळची पोरगी: मदत हवीय. भारत-अमेरिका टू प्लस टू बैठकांवरचा मजकूर मराठीत करतेय (दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री एकत्र बसतात ते, पहिली २०१८ ला दिल्लीत झाली). सुरक्षा आणि शस्त्रविक्रीवरच्या 'टॉक्स'ला मी वाटाघाटी लिहिलं, तर तपासणाऱ्या सरांनी काट मारली, म्हणे वाटाघाटी शत्रूशी, मित्राशी चर्चा. आमच्या आजोबांच्या गिरणीत युनियन पगारवाढीच्या वाटाघाटी करायची, मालक काय शत्रू होता? (होता म्हणा तसा.)

चष्मेबहाद्दर: सरांचं बरोबर आहे. आणि 'सुरक्षा' कशाला, ते हिंदी. आपलं संरक्षण.

बटाटावडा: मग सुरक्षा परिषदेला काय संरक्षण परिषद म्हणणार का काका? संरक्षण म्हणजे डिफेन्स, सुरक्षा म्हणजे सिक्युरिटी, कधीच वेगळे झालेत ते.

जुना मुलुंडकर: जिथे भाव ठरतो तिथे वाटाघाटीच. ३६ राफेल घेताना फ्रान्स मित्रच होता, तरी किमतीवर किती महिने घासाघीस चालली, २०१६ च्या सप्टेंबरात सही झाली. आमचे मास्तर सांगायचे, वाटाघाट म्हणजे एकाला वाटा, दुसऱ्याला घाटा.

चष्मेबहाद्दर: काहीही. खरी व्युत्पत्ती वेगळीच आहे.

जुना मुलुंडकर: असेल, पण माझीच जास्त खरी वाटते.

विरार फास्ट: मला तर 'मित्र'च खटकतो. शाळेत दुसऱ्या महायुद्धात 'दोस्त राष्ट्रं' होती, ती मित्र कधी झाली? आणि गंमत बघा, इंग्रजांच्या ज्या 'अलायन्स'मध्ये दुसरा बाजीराव अडकला त्याला मराठीत मैत्री कोणी म्हणत नाही, तैनाती फौज म्हणतात. आमच्या वसईचाच तह, ३१ डिसेंबर १८०२. फौज कंपनीची, खर्चाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख पेशव्याचा. भाषांतर करणाऱ्याने बरोब्बर बिलावर बोट ठेवलंय.

चष्मेबहाद्दर: तैनाती, फौज दोन्ही फारसीतून आलेले. शिवाजी महाराजांनी असल्याच शब्दांसाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला.

बटाटावडा: आणि तरी दरबारात दूत म्हणून फारसीतले 'वकील'च जात राहिले ना 😀

खारी टोस्ट: लग्नाची असते तशी 'बोलणी' लिही की. दोन्हीकडची माणसं गोड बोलतात आणि सगळं देण्याघेण्यावर अडतं. २०२१ ला ऑस्ट्रेलियाने काय केलं, फ्रान्सशी पाणबुड्यांचं ठरलेलं मोडलं आणि अमेरिका-ब्रिटनशी सोयरीक जुळवली, फ्रान्सने रागाने वॉशिंग्टन आणि कॅनबेरातले राजदूत माघारी बोलावले. सगळे मित्रच बरं का. साखरपुडा मोडल्यावर आमच्या चाळीत याहून कमी तमाशा झाला होता.

जुना मुलुंडकर: बोलणी लिहिलं तर सरांची बोलणी खाईल ती.

विरार फास्ट: पण दोस्त राष्ट्रांचं काय झालं? कोणीच बोलत नाहीये त्यावर.

परळची पोरगी: अहो मला पाचपर्यंत द्यायचं होतं, शेवटी 'बैठक' लिहून पाठवलं.

बटाटावडा: बैठक? लावणीची?