पदपथाचा खर्च घरमालकांनी वाटून घ्यायचा: अर्जावर सही करावी का?

कोपऱ्यावरचे_घर

नमस्कार. सिॲटलच्या उत्तर भागात, ८५व्या रस्त्याच्या पलीकडे आमचे घर आहे. हा पट्टा १९५४ साली शहरात सामील झाला. त्याआधी बांधल्या गेलेल्या इथल्या गल्ल्यांना पदपथ नव्हते आणि बहुतेक ठिकाणी ते आजही नाहीत. आमच्या गल्लीत डांबराची कड संपली की हातभर खडी, तिच्यापुढे उथळ चर आणि प्रत्येक घराच्या ड्राइव्हवेखाली पाणी जायला सिमेंटचा एक पाइप, अशी रचना आहे. ऑक्टोबर उजाडला की चर तुंबते, खडीवर पाणी येते आणि शाळेच्या बसपर्यंत जाणारी मुले रस्त्यावरून, गाड्यांच्या बाजूने चालू लागतात.

आता गल्लीतील काही शेजाऱ्यांनी एलआयडी, म्हणजे लोकल इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, स्थापन करण्यासाठी अर्ज तयार केला आहे. पदपथाचे काम महापालिका करील, त्यासाठी रोखे काढील आणि खर्च लगतच्या मालमत्तांवर आकारणी बसवून वर्षानुवर्षे हप्त्याने वसूल करील, अशी योजना आहे. कल्पना मला मान्य आहे, परंतु घर कोपऱ्यावर असल्यामुळे धाकधूक वाटते. पुढची बाजू ६० फूट आहे आणि बाजूच्या रस्त्याला लागून ११० फूट. दोन्ही बाजू मोजल्या गेल्या तर मधल्या घरांच्या जवळजवळ तिप्पट बोजा आमच्यावर पडेल.

शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी १.५५ अब्ज डॉलरची वाहतूक लेव्ही, म्हणजे त्या कामांसाठीचा जादा मालमत्ता कर, मंजूर केली, तिच्यातही नव्या पदपथांची तरतूद आहे आणि ती आपण सारेच मालमत्ता करातून भरत आहोत. मग एकाच कामासाठी दोनदा पैसे द्यायचे का? आणि आज सही केली, पण उद्या आकडा पाहून डोळे पांढरे झाले, तर हरकत घेता येते का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

हरकतदार

प्रश्न वेळेवर विचारलात, कारण या प्रक्रियेत हरकतीचे दोन स्वतंत्र टप्पे असतात आणि लोक नेमका पहिला टप्पा झोपेत घालवून दुसऱ्या टप्प्यावर भांडायला उभे राहतात.

वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार एलआयडीची सुरुवात दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग तुमच्या शेजाऱ्यांनी धरला आहे तो, मालकांच्या अर्जाचा. त्यासाठी सुधारणेला लागून असलेल्या एकूण लांबीपैकी निम्म्याहून अधिक आणि प्रस्तावित क्षेत्रफळापैकीही निम्म्याहून अधिक मालकीच्या सह्या लागतात. दुसरा मार्ग सिटी काउन्सिलने स्वतः ठराव करण्याचा. ठरावाने सुरू झालेले काम स्थापनेनंतर ३० दिवसांच्या आत रोखता येते, मात्र त्यासाठी एकूण खर्चाच्या किमान ६० टक्के भार ज्यांच्यावर पडणार आहे अशा मालकांनी लेखी विरोध नोंदवावा लागतो. इथे डोकी मोजत नाहीत, डॉलर मोजतात. हा ६० टक्क्यांचा ब्रेक कायद्याने ठरावाच्या मार्गालाच दिलेला आहे, त्यामुळे अर्जावर सही करणारा माणूस स्वतःच्या हाताने तो सोडून देत असतो. सही करण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्यावे.

दुसरा टप्पा आकारणीच्या यादीचा. काम पूर्ण होऊन खरा खर्च कळला की प्रत्येक मालमत्तेपुढे रक्कम लिहिलेली यादी तयार होते, सुनावणी होते आणि त्यानंतर ती कायम केली जाते. त्या सुनावणीत "पदपथच नको" हा मुद्दा कोणी ऐकून घेत नाही. "माझ्या मालमत्तेला या कामामुळे झालेला लाभ तुमच्या आकड्यापेक्षा कमी आहे" एवढेच म्हणता येते, आणि तेही सुनावणी संपण्यापूर्वी लेखी द्यावे लागते. निकाल मान्य नसेल तर सुपीरियर कोर्टात जाण्याची मुदत अवघी १० दिवसांची असते. न्यायालय महापालिकेची आकारणी बरोबर आहे असे गृहीत धरून चालते, त्यामुळे स्वतःच्या खर्चाने मूल्यांकनतज्ज्ञ नेमून त्याचा अहवाल दाखल केल्याशिवाय तिथे काही हाती लागत नाही. चार-पाच हजार डॉलरच्या वादासाठी असा अहवाल करून घेणे बहुतेकांना परवडत नाही, आणि महापालिकांनाही हे पुरते ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. घर घेतानाचा टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काच्या नोंदींचा अहवाल, काढून पाहा. पूर्वी कोणा विकासकाने बांधकाम परवान्याच्या बदल्यात "भविष्यातील एलआयडीला विरोध करणार नाही" असा करार लिहून दिलेला असू शकतो. असा करार नोंदणीकृत असावा लागतो, कोणत्या सुधारणेसाठी आहे हे त्यात लिहिलेले असावे लागते आणि तो १० वर्षांपेक्षा अधिक काळ लागू राहत नाही. तो असला तरी तुमच्या वाट्याच्या रकमेवर हरकत घेण्याचा हक्क शाबूत राहतो.

लाभ_कुणाचा

वरील माहिती चोख आहे, पण मूळ मुद्दा माझ्या मते वेगळा आहे. या साऱ्या व्यवस्थेचा पाया "विशेष लाभ" या तत्त्वावर उभा आहे. काम होण्यापूर्वीची मालमत्तेची बाजारातील किंमत आणि काम झाल्यानंतरची किंमत यांतील फरक म्हणजे विशेष लाभ, आणि आकारणी त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. १८९८ साली ओहायोतील नॉरवूड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, लाभापेक्षा बरीच अधिक वसुली करणे म्हणजे मोबदला न देता खाजगी मालमत्ता घेण्यासारखे आहे. तीनच वर्षांनी, १९०१ मध्ये, डांबरीकरणाच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने दर्शनी लांबीच्या, म्हणजे मालमत्तेच्या रस्त्याला लागून असलेल्या बाजूच्या, फुटांवर खर्च वाटण्याची पद्धत वैध ठरवली. फुटांचा सोपा हिशेब आणि खऱ्या लाभाचा अवघड हिशेब यांची ओढाताण तेव्हापासून चालू आहे.

आता तुमच्या गल्लीत हे तत्त्व लावून पाहा. पदपथ म्हणजे नुसती काँक्रीटची पट्टी असती तर खर्च आटोक्यात राहिला असता. परंतु तुमच्याकडे चर आहे. पदपथाला कर्ब, म्हणजे उंच कड, घातला की पावसाचे पाणी चरीत जाण्याची वाट बंद होते, मग जमिनीखालून नळ टाकावे लागतात, ड्राइव्हवेखालचे पाइप काढावे लागतात आणि पाणी नेऊन सोडायचे कुठे याचाही बंदोबस्त करावा लागतो. सिॲटलच्या उत्तर भागात पदपथ महाग पडतात ते प्रामुख्याने या निचऱ्यामुळे. एवढा खर्च करूनही घराची किंमत तितकीच वाढेल याची खात्री नसते, आणि वाढली नाही तर फरकाची रक्कम महापालिकेनेच घालावी लागते. घरगुती गल्ल्यांचे असे प्रस्ताव याच ठिकाणी अडतात. मालक उत्साही असतात, पण लाभाच्या मर्यादेत खर्च बसत नाही.

ही पद्धत चालते तिथे चित्र निराळे असते. सिॲटलमधील साउथ लेक युनियन भागातली स्ट्रीटकार (ट्राम) २००७ साली धावू लागली, तिच्या बांधणीचा सुमारे निम्मा खर्च परिसरातील मालमत्ताधारकांनी एलआयडीतून दिला, कारण तिथे मोठमोठ्या जागांचे मालक होते आणि भाव चढणार हे सर्वांना दिसत होते. शहराच्या समुद्रकिनाऱ्याच्या पुनर्रचनेसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या एलआयडीचा आकडा १६ कोटी डॉलर होता आणि ती सहा हजारांहून अधिक मालमत्तांवर बसली. त्यांत छोट्या कॉन्डोंचे (फ्लॅटचे) मालक संख्येने पुष्कळ होते आणि त्यांच्यातील अनेकांचा विरोधही होता. पण वजन किमतीला असल्यामुळे कार्यालयीन इमारती आणि हॉटेले यांचे पारडे जड राहिले, आणि मोठ्या मालकांपैकी अनेकांनी किनाऱ्यावरील बागेच्या देखभालीची हमी महापालिकेकडून घेऊन विरोध न करण्याचे मान्य केले होते. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. लोकशाही म्हणून ते कितपत पटते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दोनदा पैसे देण्याविषयी: लेव्हीतून सुमारे ३५० ब्लॉकांवर नवे पदपथ बांधण्याचे उद्दिष्ट आहे. शहरातील रस्त्यांच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याला पदपथ नाहीत, हे लक्षात घेता ती संख्या तुटपुंजीच आहे आणि प्राधान्य शाळा, बसथांबे आणि वर्दळीच्या रस्त्यांना मिळणार. तुमची गल्ली त्या यादीत बसते का, हे आधी महापालिकेकडे विचारा. बसत असेल तर एलआयडीची घाई कशाला?

हिशेबनीस

कराच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आयकर विवरणपत्र भरताना इथे हमखास गफलत होते. एलआयडीची रक्कम मालमत्ता करासोबत भरली जात असली, तरी रस्ता आणि पदपथ यांच्या नव्या बांधकामाची आकारणी फेडरल विवरणपत्रात मालमत्ता कर म्हणून वजा करता येत नाही. ती घराच्या मूळ खरेदी किमतीत मिळवायची असते, म्हणजे घर विकताना भांडवली नफा तेवढा कमी दिसतो. आकारणीतील देखभाल, दुरुस्ती किंवा व्याज यांचा भाग मात्र वजावटीस पात्र ठरू शकतो, पण त्याची रक्कम वेगळी दाखवता आली पाहिजे. म्हणून प्रत्येक वर्षाचे बिल जपून ठेवा.

वसुलीची सूचना प्रसिद्ध झाली की ३० दिवसांच्या आत पूर्ण अथवा काही रक्कम बिनव्याजी भरता येते. उरलेली रक्कम व्याजासह वार्षिक हप्त्यांत जाते. हा बोजा सर्वसाधारण मालमत्ता कर सोडला तर इतर सर्व बोजांच्या आधी येतो, अगदी बँकेच्या गृहकर्जाच्याही. त्यामुळे थकबाकी ठेवण्याचा विचारही करू नये. दोन-चार वर्षांत घर विकायचे असेल, तर खरेदीदार उरलेली रक्कम व्यवहाराच्या वेळी फेडून मागण्याची शक्यता असते, तीही हिशेबात धरा. गल्लीत निवृत्त शेजारी असतील तर त्यांना जरूर सांगा की, ६० वर्षांवरील कमी उत्पन्नाच्या घरमालकांसाठी मालमत्ता कर पुढे ढकलण्याची राज्याची योजना आहे आणि तिच्यात अशा विशेष आकारण्याही येतात. व्याज चढतेच, पण घर हातचे जात नाही.

विदर्भवासी

मी भारतातून वाचतो आहे. ही पद्धत आपल्याकडेही नवी नाही, फक्त तिचा अनुभव निराळा आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३०५ खाजगी रस्त्यालगतच्या मालकांना नोटीस देऊन रस्ता समतल करणे, फरसबंदी, गटारे आणि दिवाबत्ती यांची कामे त्यांच्याकडून करवून घेण्याचा अधिकार आयुक्तांना देते, आणि अशी कामे झाली की कलम ३०६ नुसार तो रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करता येतो. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात नगररचना योजनेतील भूखंडाच्या किमतीत होणाऱ्या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेण्याची तरतूद आहे. तुमच्याकडील विशेष लाभाचेच हे भावंड.

सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र येतो तो २००१ चा, गुंठ्यागुंठ्याने विकलेले अनधिकृत भूखंड नियमित करणारा गुंठेवारी कायदा. माझा भूखंड त्याच कायद्याखाली नियमित झाला. आमच्या लेआऊटमध्ये प्रत्येकाने आपापली डिमांड नोट (भरायच्या रकमेची मागणीपत्रिका) घेतली, विकास शुल्क भरले आणि नियमितीकरणाचे पत्र कपाटात ठेवले. रस्ता मात्र अनेक वर्षे मुरमाचाच राहिला. कारण विचारले तर "लेआऊटमधील सर्वांनी अजून भरणा केलेला नाही" असे उत्तर मिळे. काहींनी भरले आणि काहींनी नाही, की कामाचे घोडे अडते, आणि भरणाऱ्याला आपले पैसे नेमके कोणत्या रस्त्यावर खर्च झाले हे कधी कळत नाही. तुमच्याकडे काम आधी होते, अंतिम आकडा नंतर येतो आणि न भरणाऱ्याच्या मालमत्तेवर बोजा चढतो. तुम्ही ज्या कटकटींविषयी लिहिता आहात, त्यांचा मला थोडा हेवाच वाटला.

कोपऱ्यावरचे_घर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टायटल रिपोर्ट पाहिला, त्यात विरोध न करण्याचा कोणताही करार नाही. शेजाऱ्यांच्या अर्जात पदपथ आमच्या पुढच्या रस्त्यालाच दाखवला आहे, बाजूच्या रस्त्याला नाही, हेही आता नीट वाचल्यावर कळले. तरीही कोपऱ्याच्या घराची आकारणी कशी होते, हे कोणी सांगू शकेल का? येत्या आठवड्यात शेजाऱ्यांची बैठक आहे.

हरकतदार

मग तुमची ११० फुटांची भीती बरीचशी कमी झाली असे समजा, कारण बाजूच्या रस्त्यावर कामच होणार नसेल तर ती लांबी मोजण्याचे कारण उरत नाही. मात्र पद्धत कोणती लावणार हे बैठकीत अवश्य विचारा. निव्वळ दर्शनी फुटांवर वाटणी झाली तर तुमचे ६० फूट धरले जातील. राज्याच्या कायद्यातील जुनी पट्ट्यांची पद्धत लावली तर रस्त्यापासून आत ३०-३० फुटांचे पट्टे आखतात आणि त्यांतील प्रत्येक चौरस फुटावर ४५, २५, २०, १० आणि ५ या प्रमाणात भार टाकतात. पहिला पट्टा ३० फुटांपर्यंत, चौथा १२० फुटांवर संपतो आणि त्यापलीकडचे सारे पाचव्यात येते. रस्त्याला चिकटलेली जमीन सर्वाधिक देते आणि मागचे अंगण नाममात्र, त्यामुळे तुमच्यासारख्या ११० फूट खोल भूखंडाला आणि त्याच रुंदीच्या १५० फूट खोल भूखंडाला फार वेगळी रक्कम येत नाही. याखेरीज खरा लाभ अधिक नेमका दाखवणारी दुसरी कोणतीही पद्धत वापरण्याची मुभा महापालिकेला आहे, आणि अलीकडे मूल्यांकनतज्ज्ञाच्या अहवालावरच भर असतो.

म्हणून बैठकीत दोन गोष्टी लेखी मागा: निचऱ्यासह प्राथमिक खर्चाचा अंदाज, आणि पद्धतीनुसार प्रत्येक घराचा अंदाजे आकडा. स्थापनेच्या सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी महापालिका जी नोटीस पाठवते, तिच्यात अंदाजे रक्कम असावीच लागते, पण तोवर तुमच्या सह्या झालेल्या असतील. त्या नोटिशीत असेही लिहिलेले असते की प्रत्यक्ष आकारणी अंदाजापेक्षा वेगळी असू शकते, फक्त ती मालमत्तेच्या वाढलेल्या किमतीच्या पुढे जाणार नाही. शेजाऱ्यांना या दोन कागदांची वाट पाहायची नसेल, तर त्यांना सह्या गोळा करू द्या, तुमची सही राहू द्या.

कर्ब न घालता, रस्त्याच्या पातळीतच चालण्याचा पट्टा आखून कडेला काँक्रीटचे अडसर बसवायचे, हा स्वस्त मार्ग सिॲटल महापालिकेने अनेक गल्ल्यांत वापरला आहे. चर तशीच राहते आणि निचऱ्याचा खर्च बराच वाचतो. तुमच्या डांबराची रुंदी तेवढी आहे का, हे बैठकीपूर्वी टेप लावून मोजून घ्या.