सासऱ्यांची हॉट रॉड: होती तशी उभी करायची, की धड करायची?

खटपट्या
ओहायोत सासऱ्यांच्या शेतावरच्या कोठारात १९३० ची फोर्ड मॉडेल ए कूपे १९६६ पासून उभी आहे. ते लष्करात गेले तेव्हा ठोकळ्यांवर चढवली, ती अजून तिथेच. आता बाहेर काढायची म्हणतात. हाताखाली जावई, म्हणजे मी. आणि घरात दोन तट पडलेत.

हॉट रॉड म्हणजे काय ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुनी, हलकी गाडी घ्यायची, मडगार्डसकट काढता येईल ते सगळं काढायचं, गाडी जमिनीलगत आणायची आणि मूळ इंजिनाच्या जागी भंगारातलं दांडगं इंजिन बसवायचं. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर असल्या गाड्या पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. युद्धानंतर हे वेड देशभर पसरलं. १९४८ साली 'हॉट रॉड' मासिक निघालं, आणि मक्याच्या शेतातल्या पोरांनाही कुठे काय कापायचं ते कळायला लागलं.

सासरे त्यातलेच एक. १९५९ मध्ये वय सतरा. मॉडेल एचं ४० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन काढून १९५० च्या मर्क्युरीचं (फोर्डचाच दुसरा ब्रँड) फ्लॅटहेड व्ही-८ बसवलं, ११० चं. व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडर व्ही आकारात दोन ओळींत, फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह वरच्या डोक्यात नाहीत, खाली ब्लॉकमध्येच. वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर. ब्रेक १९४० च्या फोर्डचे, कारण फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक द्यायला १९३९ उजाडलं होतं. त्याआधी सगळा सळ्यांचा कारभार. छप्पर तीन इंच कापून खाली घेतलं. चासी मागच्या बाजूला कापून पायरीसारखी वर उचलली, तीही ट्रॅक्टरची अवजारं जोडायच्या वेल्डिंग मशिनवर. झाळ पाहिली तर पावसात सापडलेली मुंग्यांची रांग वाटते.

माझं मत: हे असंच ठेवावं. ब्रेकचं रबर, वायरिंग, टायर, पेट्रोलच्या नळ्या बदलाव्यात (आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही), बाकी कशाला हात लावू नये. फोर्डने मॉडेल ए पन्नास लाखांच्या घरात बनवल्या. कारखान्यातून आली तशी गाडी पाहिजे असेल तर आजही मिळते. एका पोराने स्वतःच्या अकलेने कापलेली ही एकच. मेहुणा म्हणतो नवी चासी, डिस्क ब्रेक, शेवरोलेचं ३५० घनइंचांचं व्ही-८ आणि ऑटोमॅटिक गिअर घालून एकदाची धड करा. तुम्ही काय कराल?

नटबोल्ट
मी मेहुण्याच्या बाजूचा. हॉट रॉड ही पूर्ण न होणारी वस्तू आहे, तिचा धर्मच तो. १९५५ मध्ये शेवरोलेने २६५ घनइंचांचं व्ही-८ आणलं, साध्यातलं साधं १६२ अश्वशक्तीचं. त्यानंतर काय झालं? ज्या फ्लॅटहेडची वीस वर्षं पूजा केली, ते त्याच पोरांनी उपटून अंगणात टाकलं. कोणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तुमच्या सासऱ्यांना १९५९ साली कोणी फुकट डिस्क ब्रेक दिले असते, तर त्याच संध्याकाळी बसवले असते. तुम्ही जतन करताय तो त्यांच्या नाइलाजाचा पुतळा.

शिवाय फ्लॅटहेड तापतं, हे विसरू नका. जळालेला वायू बाहेर जाण्याचा रस्ताच ब्लॉकमधून, सिलिंडरांच्या मधून काढलाय. ती सगळी उष्णता पाण्याला मिळते. दोन दोन पाण्याचे पंप असून ही अवस्था. साठ वर्षं पडलेल्या ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरपर्यंत भेग गेलेली निघाली, तर मग तत्त्व सांगत बसा.

खटपट्या
भाऊ, नाइलाज म्हणता तो तेवढा नव्हता. १९५९ पर्यंत शेवरोलेचं इंजिन अपघातात सापडलेल्या गाड्यांतून मिळायला लागलं होतं. सासऱ्यांनी मर्क्युरीचं मुद्दाम शोधलं, कारण त्याच्या क्रँकचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४ इंचांचा, २५५ घनइंच भरतात. म्हणजे निवड होती, आणि ती जुनाट होती हेही त्यांना तेव्हाच माहीत होतं. गावातली पोरं हसायची म्हणे. जी गाडी सतराव्या वर्षी हट्टाने काळाच्या मागे ठेवली, तिला आता आपण पुढे ओढायचं?

झाळकाम
वेल्डिंगची तपासणी हा माझा पोटाचा धंदा, म्हणून जरा कोरडं बोलते. झाळ वाकडी असणं वेगळं आणि कच्ची असणं वेगळं. वाकडी राहू द्या. कच्ची माणूस मारते. वरून देखणी झाळ आत धरलेलीच नसते, आणि तुमची मुंग्यांची रांग कदाचित पक्की निघेल. नुसत्या डोळ्यांनी यातलं काही ठरत नाही.

चासी जिथे कापून उचलली तिथला रंग काढा आणि डाय पेनिट्रंट मारा. लाल रंग भेगेत शिरतो. वरचा पुसून पांढरा थर फवारला की भेग लाल रेघ होऊन वर येते. घरी करण्यासारखं काम आहे, महागही नाही. स्टिअरिंगचे हात, स्पिंडल आणि पुढचा ॲक्सल मात्र मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीला (चुंबक लावून लोखंडाच्या पुडीने भेग शोधतात ती) बाहेर पाठवा. त्या काळी गाडी खाली आणायला ॲक्सल तापवून ओढत असत, कोणी वर भोकंही पाडत. कोणी, किती तापवला, कसा थंड केला, कोण सांगणार? स्टिअरिंगच्या एखाद्या भागावर पितळी झाळ दिसली तर चर्चा नको, तो भाग भिंतीवर टांगा.

चासीत भेग निघालीच तर मुळापर्यंत घासून परत भरावी लागेल, तिथे आठवण वगैरे चालणार नाही. नाही निघाली, तर मॉडेल एची चासी उघड्या सी आकाराची असते, तिला आतल्या बाजूने पट्टी जोडून बंद पेटी करा. ताकद आतून येईल आणि बाहेरून काकांची झाळ होती तशी दिसत राहील.

ब्रेकबद्दल खटपट्या भाऊ, 'रबर बदलू' यावर भागवू नका. १९४० चा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो, एकाच वाटेचा. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला आणि पेडल थेट जमिनीला. अमेरिकेत दुहेरी सिलिंडर १९६७ च्या सुमारास सगळ्या गाड्यांत आले. तो पायाखालच्या फळीच्या खाली बसतो, कोणाला दिसत नाही. ड्रम खुशाल जुने ठेवा.

आणि टाकी? मॉडेल एची पेट्रोलची टाकी पुढच्या काचेखाली, बसणाऱ्यांच्या गुडघ्यांच्या वर असते. अजून तिथेच आहे का?

खटपट्या
तिथेच आहे, ताई. तिचा वरचा पत्रा हाच बॉडीचा भाग असल्याने काढता येत नाही. धुऊन कायमची रिकामी ठेवायची आणि मागे दुसरी लपवायची, असं बोलणं चाललंय. दुहेरी सिलिंडर मान्य. आतून पट्टीची कल्पना सासऱ्यांना सांगितली. ते म्हणाले, तेव्हा लोखंड असतं तर मीच लावली असती.

नटबोल्ट
बघा! 'लोखंड असतं तर.' मी वेगळं काय म्हणत होतो?

पेठेतला
गाडी ओहायोत आहे हे नशीब समजा. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावी, पण मूळ रूपात. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. बसली नियमात तर 'व्हीए' मालिकेतला नंबर. तुमच्या सासऱ्यांनी तिन्ही गुन्हे एका गाडीत केलेत. तिकडे कॅलिफोर्नियात मात्र घरी बांधलेल्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट देण्यासाठी वर्षाला ५०० चा कोटा ठेवलाय, म्हणजे सरकारला हा प्रकार निदान ओळखीचा तरी आहे.

आपल्या घाटावर विलीज जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून किती जणांनी हयात काढली. चाळीस वर्षं डिझेलवर चाललेल्या जीपचं मूळ रूप कुठलं? कागद म्हणेल पेट्रोलचं. मालकाला ते इंजिन पाहिल्याचंही आठवत नाही. म्हणून मी खटपट्याच्या बाजूने. गाडीचं जे आयुष्य झालं तेच तिचं मूळ.

उनाडकी
दोघांचंही मला अर्धंच पटतं. 'होती तशी' म्हणजे कधी होती तशी? १९९७ मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनाने, जिथे एरवी बुगाटी आणि ड्युझेनबर्गसारख्या श्रीमंती गाड्या हिरवळीवर मिरवतात, पहिल्यांदा हॉट रॉडना वेगळा वर्ग दिला. त्यात पहिली आली डोन स्पेन्सरची १९३२ ची फोर्ड रोडस्टर. हा बाबा १९४० च्या दशकात ती गाडी वर्षानुवर्षं बदलत बसला होता. तिला परत उभी करणाऱ्यांना एक वेळ धरावी लागली, बाकीच्या पुसाव्या लागल्या. जतन म्हणजेसुद्धा कापाकापीच, फक्त दुसऱ्या कोणीतरी केलेली.

तर तुमची वेळ कोणती? १९५९ ची गाडी? १९६६ ची? की गंज आणि उंदरांची घरटी धरून आजची? कारण हल्ली गंजाचंही स्तोम झालंय. नव्या पत्र्यावर खोटा गंज रंगवून देणारे रंगारी आहेत आणि लोक त्याचे चांगले पैसे मोजतात. तुमचा खरा आहे, मान्य. पण गंज सासऱ्यांनी केलेला नाही, कोठाराच्या गळक्या छपराने केलाय.

जाता जाता: जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असतं. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस. हवेचा झोत मारून ड्रम साफ करायची हौस आवरा.

खटपट्या
१९६६. शेवटची किल्ली बंद केली ती गाडी. लाल-तपकिरी प्रायमरच्या पुढे तिला रंग कधी लागलाच नव्हता, पैसे संपले होते. म्हणून रंग नाही. गंज थांबवायचा, झाकायचा नाही. जिथे पत्रा आरपार गेलाय तिथे नवा तुकडा, लांबी भरून गुळगुळीत केलेला नाही. उंदीर नंतरचे भाडेकरू, त्यांचा काही हक्क धरत नाही.

नटबोल्ट
सगळे गाडीबद्दल बोलताय. सासऱ्यांचं वय ऐंशीच्या पुढे. छप्पर तीन इंच कापलंय. ते आत शिरणार कसे? शिरले तरी फ्लॅटहेडचा क्लच दाबून गावातून गाडी काढणार? मेहुणा ऑटोमॅटिक मागतो त्याचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं. त्याला गाडी सुधारायची नाही, वडिलांना चालवताना बघायचंय. तुमची १९६६ ची शुद्ध गाडी चालवणार कोण, तुम्ही?

झाळकाम
हा मुद्दा वजनदार आहे.

खटपट्या
आहे. मेहुण्याला याच शब्दांत विचारलं, तर तो म्हणाला, मग तुला काय वाटलं होतं?

काल कोठारातच बसून बघितलं. सीटच्या स्प्रिंगा काढून खाली नुसती गादी टाकली की डोक्याला जागा होते. दार उघडून आधी बूड टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे, हे सासऱ्यांना जमलं. क्लच जमला नाही. डावा गुडघा दाबच देत नाही. मेहुणा लगेच म्हणाला, झालं, ऑटोमॅटिक. सासरे म्हणाले, ऑटोमॅटिक घातलंत तर मी गाडीकडे बघणार नाही. मी शेजारी बसतो, चालवा तुमच्यातलं कोणीतरी. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि निरोप माझ्यामार्फत चाललेत.

मधला मार्ग म्हणून क्लचला हायड्रॉलिक जोड देऊन पेडल हलकं करण्याचं बघतोय. दिसणार नाही, उलटवता येईल. कोणी केलंय का मॉडेल एमध्ये?

नटबोल्ट
जमेल, पण जागा शोधावी लागेल. तुमचा दुहेरी मास्टर सिलिंडरही त्याच फळीखाली घुसणार आहे. आधी तो बसवून मापं टाका. आणि येत्या चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत गाडी काढायचा विचार असेल तर रेडिएटरचं आत्ताच बघा. चालीच्या वेगाने अर्धा तास फ्लॅटहेड, भर उन्हात. मी पाण्याचे कॅन घेऊन मागे चालेन हवं तर.

झाळकाम
त्याआधी ॲक्सल तपासणीला पाठवा. पाठवलात का?