नुसती पीडीएफ उघडली तरी धोका असतोच

वर एका भाऊंनी विचारलंय, पीडीएफ म्हणजे कागद, उघडून काय होणार? होतं भाऊ.

माझं रावेरला झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. केळीच्या विम्याच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर सातबारे येत राहतात, मी पटापट उघडत जातो. म्हणून हे जिव्हाळ्याचं.

फाईलमधलं चित्र आधी सांगतं, मला एवढी जागा लागेल. व्ह्यूअर, म्हणजे पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम, तेवढी मेमरी राखतो. आकडे मुद्दाम इतके मोठे दिले की बेरीज ३२ बिटांत, म्हणजे आकडा ठेवायच्या ठरावीक ३२ घरांत, मावत नाही, तर उत्तर उलट लहान येतं. बिल्टीवर दहा क्विंटल लिहून ट्रकभर केळी उतरवल्यासारखं! माल शेजारच्या गाळ्यात घुसतो, आणि त्या गाळ्यात प्रोग्रामच्या पुढच्या कामाचे पत्ते असले तर हल्लेखोर तेच बदलतो. २०२१ मध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आयफोनमध्ये असंच शिरलं. फाईलचं नाव जिफ (हलत्या चित्राची फाईल), आत पीडीएफ, चूक जेबिग२ या प्रकारात दाबून ठेवलेलं चित्र उलगडणाऱ्या कोडमध्ये. मालकाने काही दाबलंही नव्हतं! आयफोनच्या आयओएस १४.८ या अपडेटने ते भोक बुजवलं.

मी जुना व्ह्यूअर काढून टाकला, आता अपडेट होणाऱ्या ब्राउझरमध्येच उघडतो. विंडोज ७ वाल्यांनो, तुमचं क्रोम २०२३ पासून अपडेट होत नाही, ते आधी बघा.